ऑक्सफर्डमध्ये शिकायला गेल्यावर संध्याकाळी आणि रात्री करमणुकीसाठी काय असते? दारू न घेणाऱ्याला तिथे करमते का?

ऑक्टोबरपासून एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तुम्ही ऑक्सफर्डला जाणार आहात, दारू घेत नाही, आणि "ते गाव रात्री नऊला झोपते" असे कोणीतरी सांगितल्यामुळे तिथल्या संध्याकाळींची तुम्हाला धास्ती वाटते आहे, असा तुमच्या प्रश्नाचा आशय मला समजला. मी तिथे असेच एक वर्ष काढले आहे. ज्याने तुम्हाला हे सांगितले तो खोटे बोललेला नाही; तो बहुधा पर्यटक म्हणून गेला असावा आणि त्याने फक्त रस्ता पाहिला असावा. ऑक्सफर्डची संध्याकाळ रस्त्यावर दिसत नाही, ती कॉलेजांच्या भिंतींच्या आत असते, आणि आत जाण्यासाठी पैशांपेक्षा ओळख अधिक लागते. ही एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात उमगली तर वर्ष फार चांगले जाते. मला ती उमगायला नोव्हेंबर उजाडला.

पोहोचल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास मी कारफॅक्सच्या चौकातून हाय स्ट्रीटने चालत निघाले. बहुतेक दुकाने केव्हाच बंद झाली होती, कॉलेजांचे जाड लाकडी दरवाजे ओढून घेतलेले होते, आणि आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेल्या त्या दगडी इमारतींतून रस्त्यावर उजेडही फारसा येत नव्हता. सुमारे १ लाख ६२ हजार वस्तीच्या आणि दोन विद्यापीठांच्या या शहरात शनिवारी रात्री माणसे नेमकी जातात कुठे, हे मला कळेना. परत फिरले तेव्हा एक मोठी घंटा वाजू लागली. मी टोले मोजू लागले आणि चाळिशी ओलांडल्यावर नाद सोडला. क्राइस्ट चर्चच्या मनोऱ्यातली ही 'ग्रेट टॉम' नावाची घंटा रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ टोले देते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्या कॉलेजात मुळात १०० विद्यार्थी होते आणि १६६३ मध्ये एकाची भर पडली, म्हणून टोले १०१; आणि ऑक्सफर्डची सौर वेळ ग्रीनिचच्या पाच मिनिटे मागे असल्यामुळे तिथले नऊ म्हणजे घड्याळातले नऊ वाजून पाच. पूर्वी या टोल्यांबरोबर शहरातल्या कॉलेजांचे दरवाजे बंद होत असत. आता ते विद्यार्थ्याच्या कार्डाने रात्रभर उघडतात, पण ते कार्ड फक्त स्वतःच्या कॉलेजाचा दरवाजा उघडते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

चाळिसेक कॉलेजांपैकी बहुतेकांचा स्वतःचा बार, स्वतःचे भोजनगृह, स्वतःचे चॅपल आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'मिडल कॉमन रूम' म्हणजेच एमसीआर असते; बसायच्या खोलीला आणि त्या विद्यार्थ्यांच्या मंडळालाही हेच नाव आहे. दुसऱ्या कॉलेजात शिरायचे तर तिथल्या कोणीतरी तुम्हाला पाहुणा म्हणून न्यावे लागते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत आपल्याच कॉलेजातल्या आणि आपल्याच विषयातल्या लोकांत अडकून न पडता, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, खेळाच्या सरावात, भाषेच्या वर्गात, जिथे जिथे इतर कॉलेजांची माणसे भेटतील तिथे मुद्दाम ओळखी करा. हा सल्ला थोडा हिशेबी वाटेल, परंतु तिथे सगळेच हे करतात आणि कोणी वाईट मानत नाही. तुम्ही एकाला आपल्याकडे जेवायला नेता, तो तुम्हाला आपल्याकडे नेतो. एमसीआर तर एकमेकांशी ठरवून अशी जेवणांची देवघेव घडवून आणतात. मी या मार्गाने वर्षभरात अकरा कॉलेजांच्या भोजनगृहांत जेवले.

या जेवणाला 'फॉर्मल हॉल' किंवा नुसतेच 'फॉर्मल' म्हणतात, आणि माझ्या मते संध्याकाळच्या करमणुकीचा तिथला खरा प्रकार हाच आहे. बहुतेक ठिकाणी चांगल्या कपड्यांवर काळा गाऊन चढवावा लागतो. लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना बाकांवर विद्यार्थी बसतात, वरच्या बाजूला चौथऱ्यावर 'हाय टेबल' असते, तिथे प्राध्यापकमंडळी आली की सगळे उभे राहतात, कोणीतरी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणते, आणि मग तीन पदार्थांचे जेवण एकामागून एक येते. काही कॉलेजांत हे आठवड्यातून एकदा असते, काहींत जवळजवळ रोज. शाकाहारी असाल तर जागा राखून ठेवतानाच तसे नोंदवावे लागते, ऐन वेळी सांगून भागत नाही. मी एकदा विसरले आणि माझ्यापुढे आलेल्या तितराकडे पाहत पाव आणि बटाटे खाल्ले. जेवणाचा खर्च त्याच दर्जाच्या उपाहारगृहापेक्षा पुष्कळच कमी असतो, कारण तो कॉलेजाच्या दराने लागतो. दारूबद्दल सांगायचे तर टेबलावर वाइन असते, परंतु पाण्याचा पेला उचलून तुम्ही शुभेच्छा दिल्यात म्हणून कोणी भुवई उंचावणार नाही. खरी परीक्षा वेगळीच असते. डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्या अनोळखी माणसांशी दीड तास बोलता आले पाहिजे, आणि "तुम्ही कशावर काम करता" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता आले पाहिजे. मला सुरुवातीला हे फार जड गेले.

आता वेळेविषयी, कारण तिथे चुकतो तो सहसा इथेच. ऑक्सफर्डची संध्याकाळ पाचला सुरू होते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे पाचला बाहेर काळोखच असतो. पाचला सेमिनार किंवा जाहीर व्याख्यान, त्यानंतर तिथेच उभ्याने गप्पा, सहाला चॅपलमधली उपासना, सातच्या पुढे भोजन, साडेसातला नाटक किंवा मैफल, साडेआठच्या सुमारास वादविवाद, आणि अकराला पबमधली शेवटची घंटा, असा क्रम असतो. जेवण उरकून साडेनऊला "आता काय करावे" म्हणून बाहेर पडणाऱ्याच्या हाती क्लब सोडला तर काहीच लागत नाही, आणि मग तो गाव झोपले असे म्हणतो. कार्यक्रमांच्या जाहिरातींत तारखेऐवजी 'तिसऱ्या आठवड्याचा गुरुवार' अशी भाषा असते. मिकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी या तीन टर्म प्रत्येकी आठ आठवड्यांच्या असतात, आठवडा रविवारपासून मोजतात आणि टर्मच्या आधीच्या आठवड्याला शून्यावा म्हणतात. ही गणना पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्या.

संगीताची थोडीशी जरी आवड असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. क्राइस्ट चर्च, न्यू कॉलेज आणि मॉडलिन (लिहिताना मॅग्डलेन, म्हणताना मॉडलिन, पहिल्या दिवशी सगळेच चुकतात) या तीन ठिकाणी मुलांचे आणि मोठ्यांचे मिळून गाणारे गायकवृंद आहेत, आणि टर्ममध्ये बहुतेक संध्याकाळी सहाच्या सुमारास 'इव्हन्साँग' नावाची गायिली जाणारी उपासना होते. न्यू कॉलेजचा गायकवृंद कॉलेजाइतकाच जुना, म्हणजे १३७९ पासूनचा आहे. ख्रिस्ती असण्याची अट नाही, तिकीट नाही, ओळखही लागत नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला उपासनेसाठी आल्याचे सांगितले की तो आत सोडतो. जेमतेम पाऊण तास मेणबत्त्यांच्या उजेडात बसून, काहीही न करता, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या स्वररचना ऐकायच्या. हिवाळ्यातल्या माझ्या सर्वांत चांगल्या संध्याकाळी मी तिथे घालवल्या, आणि मी धार्मिक वृत्तीची नाही. फक्त सगळे उभे राहिले की उभे राहावे आणि फोन बंद ठेवावा.

मैफलींसाठी दोन जागा सांगते. हॉलीवेल म्युझिक रूम १७४८ मध्ये उघडली. खास मैफलींसाठी बांधलेले युरोपातले सर्वांत जुने सभागृह म्हणून तिची ख्याती आहे, ती वॉडम कॉलेजच्या मालकीची आहे आणि आत दोनएकशे माणसे बसतात. बाहेरून ती एखाद्या साध्या प्रार्थनागृहासारखी दिसते, त्यामुळे मी तिच्यासमोरून महिनाभर सायकलने जात होते तरी मला पत्ता नव्हता. वादक इतका जवळ असतो की त्याचा श्वासही ऐकू येतो. दुसरी जागा म्हणजे क्रिस्टोफर रेनने बांधलेले आणि १६६९ मध्ये पुरे झालेले शेल्डोनियन थिएटर. तिथे दिवसा पदवीदान होते आणि संध्याकाळी वाद्यवृंद वाजतो. छतावरचे चित्र पाहण्यासारखे आहे, मात्र वरच्या मजल्यावरचे बाक इतके कडक आणि अरुंद आहेत की दुसऱ्या अंकापर्यंत पाठीला रेनचा राग येतो. एखादी उशी किंवा जाड स्वेटर बरोबर नेणारे पुष्कळजण तुम्हाला दिसतील. त्यांचे अनुकरण करा.

नाटकांच्या बाबतीत मोठ्या जागांपेक्षा लहान जागांकडे लक्ष द्या, असे मी सांगेन. जॉर्ज स्ट्रीटवरच्या न्यू थिएटरमध्ये फिरत्या मोठ्या संगीतिका आणि विनोदवीर येतात; ते इंग्लंडातल्या कोणत्याही शहरात पाहता येतात. बोमाँट स्ट्रीटवरचे ऑक्सफर्ड प्लेहाऊस १९३८ पासून त्या इमारतीत आहे आणि तिथे व्यावसायिक नाटकांबरोबर विद्यार्थ्यांच्याही मोठ्या निर्मिती होतात. त्याच्याच अखत्यारीतला बर्टन टेलर स्टुडिओ म्हणजे पन्नासएक खुर्च्यांची काळी खोली आहे. १९६६ मध्ये रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांनी ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांबरोबर प्लेहाऊसच्या रंगमंचावर काम केले होते, त्यावरून तिला हे नाव मिळाले. टर्मच्या जवळजवळ प्रत्येक आठवड्यात तिथे कोणीतरी विद्यार्थ्याने लिहिलेले किंवा बसवलेले नाटक असते. त्यातली निम्मी नाटके वाईट असतात. उरलेल्यांपैकी दोन-तीन अशी असतात की नंतर वर्षभर त्यांच्याविषयी बोलले जाते, आणि तिकिटाचे दर असे असतात की वाईट निघाले तरी हळहळ वाटत नाही. चित्रपटांसाठी जेरिकोतले १९१३ चे फिनिक्स आणि काउली रोडजवळचे १९११ चे अल्टिमेट पिक्चर पॅलेस ही दोन जुनी गृहे पुरेशी आहेत.

ऑक्सफर्ड युनियनविषयी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी गाठील. १८२३ मध्ये स्थापन झालेली ही वादविवाद संस्था विद्यापीठाची नाही आणि विद्यार्थी संघटनाही नाही. ती स्वतंत्र आहे आणि तिचे आजीव सभासदत्व काही शे पौंडांना पडते. टर्ममध्ये गुरुवारी रात्री तिथे मोठा वादविवाद होतो, आणि शेवटी लोक 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दारातून बाहेर पडून मत देतात. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी "हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही" हा ठराव याच सभागृहात २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला होता आणि त्यावरून देशभर गदारोळ उठला होता. एका वर्षाच्या विद्यार्थ्याने हे पैसे भरावेत का? मी भरले, आणि पहिल्या टर्मनंतर तीनदाच गेले. नामवंत वक्ता असला की तासभर आधी रांग लावावी लागते, आणि पुष्कळ विद्यार्थी वक्त्यांना ठरावापेक्षा आपल्या पुढच्या निवडणुकीचीच काळजी अधिक असते. वर्षाच्या सुरुवातीला सभासद नसलेल्यांनाही काही कार्यक्रम पाहू देतात. ते पाहूनच ठरवा.

पबविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दारू न घेणारे विद्यार्थी पब टाळतात आणि तिथेच एकटे पडतात. इंग्लंडमधला पब ही आधी बसायची जागा आहे आणि मग प्यायची. लिंबाचे सरबत, आल्याचे पेय, कॉफी, बिनदारूची बिअर, काहीही मागा; कोणी कारण विचारत नाही. टेबलाशी कोणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नका. बारपाशी जाऊन मागावे लागते, पैसे तिथेच द्यावे लागतात, आणि वर बक्षिसी ठेवण्याची पद्धत नाही. मित्रांच्या गटात 'राउंड' असतो, म्हणजे एकाने सगळ्यांचे आणायचे, मग दुसऱ्याने. यात तुमची दोन पौंडांची पेये आणि इतरांची महागडी बिअर असा हिशेब बिघडतो, म्हणून सुरुवातीलाच "मी माझे वेगळे घेते" असे सांगितलेले बरे. पहिले दोन महिने मी हे संकोचाने सांगितले नाही आणि दर शुक्रवारी चार जणांच्या बिअरचे पैसे भरले. वय अठराच्या वर असले तरी ओळखपत्र बरोबर असू द्या. २००५ च्या नोव्हेंबरात नवा परवाना कायदा अमलात येईपर्यंत पब सर्वसाधारणपणे अकराला बंद करावे लागत. आता तशी सक्ती नसली तरी सवय सुटलेली नाही, आणि बहुतेक ठिकाणी अकराच्या आसपास किंवा फार तर बाराला घंटा वाजवून शेवटची मागणी घेतात. बॅथ प्लेसच्या बोळातून जावे लागणारे टर्फ टॅव्हर्न, आणि भिंतीभर गळ्यातल्या टायांचे कापलेले तुकडे लावलेला द बेअर, हे दोन पब पाहून ठेवावेत असे आहेत. उन्हाळ्यात पोर्ट मेडोच्या कुरणातून चालत नदीकाठच्या पर्च नावाच्या पबपर्यंत जावे. परतीला मात्र टॉर्च लागतो.

पब आणि विद्यापीठ यांचे तिथले नाते जुने आहे आणि ते नेहमीच इतके गोड नव्हते. १० फेब्रुवारी १३५५ रोजी, सेंट स्कोलॅस्टिकाच्या दिवशी, कारफॅक्सच्या कोपऱ्यावरच्या स्विंडलस्टॉक नावाच्या मद्यशाळेत वाइन वाईट आहे म्हणून विद्यार्थ्यांनी मालकाशी भांडण काढले आणि ती त्याच्या तोंडावर फेकली. दंगल तीन दिवस चालली. विद्यापीठाचे ६३ आणि गावचे तीसएक जण मेल्याची नोंद आहे. राजाने बाजू विद्यापीठाची घेतली, आणि पुढची साडेचारशेहून अधिक वर्षे, १८२५ पर्यंत, गावच्या महापौराला दर वर्षी त्या दिवशी सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी भरावी लागली. समेट जाहीरपणे झाला तो १९५५ मध्ये. त्या जागेवर आज बँकेची इमारत आहे आणि भिंतीवर एक पाटी आहे. पुढे कितीतरी काळ विद्यार्थ्यांना पबमध्ये जायलाच बंदी होती, आणि 'प्रॉक्टर' म्हणवणारे अधिकारी गोल टोप्या घातलेल्या विद्यापीठ पोलिसांना घेऊन रात्री पबमधून विद्यार्थी हुडकून काढत. त्या पोलिसांना 'बुलडॉग' म्हणत आणि ते दल २००३ मध्ये बरखास्त झाले. प्रॉक्टर अजून आहेत.

क्लबांबद्दल मी थोडक्यात आटोपते. ते थोडेच आहेत, त्यांची नावे दर काही वर्षांनी बदलतात, ठरावीक वारी ठरावीक ठिकाणी जायचे असा विद्यार्थ्यांचा रिवाज असतो, आणि मला तिथला आवाज सोसला नाही. नाचायचे असेल तर कॉलेजांतले 'बॉप' बरे. ते स्वस्त असतात, काहीतरी विषय ठरवून चित्रविचित्र कपडे घालतात, आणि आपली खोली पन्नास पावलांवर असते.

प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीतासाठी मात्र मॉडलिन पुलापलीकडे काउली रोडला जायला हवे. पुलाच्या अलीकडची ऑक्सफर्ड आणि पलीकडची ऑक्सफर्ड ही दोन वेगळी गावे आहेत. पलीकडे घरे साधी, उपाहारगृहे निरनिराळ्या देशांतल्या लोकांची, दुकाने उशिरापर्यंत उघडी, आणि रात्री नऊनंतर रस्त्यावर खरोखर माणसे असतात. यात ऑक्सफर्ड ब्रुक्स या दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे, हे जुन्या विद्यापीठातली मंडळी सहसा कबूल करत नाहीत. ओटू अकॅडमी आणि बुलिंग्डन इथे गाजलेले आणि अजून न गाजलेले असे दोन्ही प्रकारचे बँड येतात. पुलाअलीकडे, जेरिकोतल्या जेरिको टॅव्हर्नच्या माडीवर, रेडिओहेडने १९८६ मध्ये शाळकरी वयात, वेगळ्या नावाने, आपला पहिला कार्यक्रम केला होता. अशा माड्यांवर आजही नवे बँड वाजवतात, आणि शुक्रवारी रात्री पन्नास माणसांत उभे राहून ते ऐकण्यासाठी फार पैसे लागत नाहीत.

रात्री परतण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. शहर चालण्याजोगे लहान आहे आणि मध्यभागात मला कधी भीती वाटली नाही, परंतु नदीकाठची आणि कालव्याकाठची पायवाट अंधार पडल्यावर मी टाळत असे. थोडा लांबचा पण दिव्यांचा रस्ता घ्यावा. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो, आणि पोलीस खरोखर दंड करतात. मध्यरात्री भूक लागली तर हाय स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीटवर उभ्या असणाऱ्या खाद्यगाड्यांपुढे गाऊनमधले, पार्टीच्या पोशाखातले आणि ग्रंथालयातून उठून आलेले असे सगळे एकाच रांगेत दिसतात. चिप्सवर चीज घालून मागा.

फेब्रुवारीतली हिलरी टर्म कठीण जाते, विशेषतः पाचव्या आठवड्यातली मरगळ, जिला तिथे स्वतंत्र नावच आहे. त्या दिवसांसाठी आठवड्याला निदान एक कार्यक्रम आधीच ठरवून, शक्य तर तिकीट काढून ठेवावे, म्हणजे खोलीत बसून राहायला निमित्त उरत नाही. डिसेंबरात आणि ईस्टरला पदवीपूर्व विद्यार्थी घरी गेले की गाव एकदम रिकामे होते. बार बंद, भोजनगृह बंद. तेव्हा एमसीआरमध्ये मागे राहिलेली परदेशी मंडळी एकत्र स्वयंपाक करतात, आणि माझ्या टिकलेल्या मैत्री त्याच स्वयंपाकघरातल्या आहेत.

ट्रिनिटी टर्म आली की चित्र पालटते. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, चारवेल नदीवर लांब काठीने ढकलायच्या 'पंट' नावाच्या सपाट होड्या निघतात, कॉलेजांच्या बागांत उघड्यावर नाटके होतात, आणि टर्म संपतासंपता काही कॉलेजांत रात्रभर चालणारे बॉल होतात, ज्यांची तिकिटे मला परवडली नाहीत. परंतु वर्षातली एक रात्र मात्र फुकट आहे. १ मे रोजी सकाळी सहाला मॉडलिनच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो आणि ते ऐकायला हजारो माणसे पुलावर आणि हाय स्ट्रीटवर उभी राहतात. त्यासाठी पुष्कळ विद्यार्थी आदली रात्र जागून काढतात. साडेपाचपर्यंत पोहोचा, जाड कोट घाला, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पुलावरून नदीत उडी मारू नका, पाणी उथळ असते आणि लोक जखमी झालेले आहेत. गाणे काही मिनिटांत संपते, मग घंटा वाजतात, रस्त्यांत लोकनृत्ये सुरू होतात, आणि उपाहारगृहे न्याहारीसाठी पहाटेच उघडतात. त्या दिवशी नऊला व्याख्यान असेल तर ते रद्द होत नाही, तेवढे वेळापत्रकात आधी पाहून ठेवा.